बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'इंटेस्टिनल स्पायरोकीटोसिस' आलंय, आता काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोलोनोस्कोपी होते, बायोप्सी जाते, आणि काही दिवसांनी हातात आलेल्या कागदावर एक असं नाव असतं जे घरात कोणी आयुष्यात ऐकलेलं नसतं. मग रात्री मोबाइलवर सर्च सुरू, आणि सर्चमध्ये पहिल्या पाच मिनिटांत सिफिलिस येतो, की झोप गेली. अशा लोकांचे जे प्रश्न मला सारखे येतात ते इथे एकत्र केलेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तो कागद लिहिणाऱ्यांपैकी एक, पेशंटला गोळ्या लिहून देणं माझं काम नाही, त्यामुळे खाली औषधांबद्दल जे आहे ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं म्हणून आहे, परस्पर कोर्स सुरू करायला नाही.

१. इंटेस्टिनल स्पायरोकीटोसिस म्हणजे नक्की काय?

मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावर स्पायरोकीट जातीचे, म्हणजे स्क्रूसारखे पीळदार, बॅक्टेरिया दाटीवाटीने चिकटून बसलेत, एवढंच ते नाव सांगतं. अपेंडिक्सपासून गुदाशयापर्यंत कुठेही असू शकतात. बहुतेक वेळा ते पेशींच्या वरच बसतात, आत घुसत नाहीत, भिंत पोखरत नाहीत. त्यामुळे 'इन्फेक्शन' म्हणायचं की नुसती 'वस्ती' म्हणायचं यावर डॉक्टरांचंही एकमत नाही, आणि तुमच्या गॅस्ट्रोने (पोटाच्या डॉक्टरांनी) 'बघू, घाई नाही' म्हटलं असेल तर त्याचं कारण हेच आहे, ते टाळाटाळ करत नाहीयेत. हे नाव १९६७ मध्ये हार्लंड आणि ली यांनी दिलं, त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे बॅक्टेरिया पेशींना चिकटलेले दाखवले होते.

२. या जंतूचं नाव काय? रिपोर्टमध्ये तर नुसतं 'स्पायरोकीट' लिहिलंय.

माणसात मुख्यतः दोन सापडतात: ब्रॅकिस्पायरा आल्बोर्गी आणि ब्रॅकिस्पायरा पायलोसिकोली. पहिल्याचं वर्णन १९८२ मध्ये डेन्मार्कच्या आल्बोर्ग शहरातल्या पेशंटच्या बायोप्सीवरून झालं. तो जवळजवळ माणसांचाच (आणि माकडांच्या काही जातींचा) आहे. दुसरा मात्र डुकरं, कोंबड्या, कुत्रे अशा बऱ्याच प्राण्यांत असतो. आल्बोर्गी छोटा, साधारण २ ते ६ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब, पायलोसिकोली त्याच्यापेक्षा लांब. पण नेहमीच्या स्लाइडवर बघून हा कुठला ते खात्रीने सांगता येत नाही, त्याला पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) लागतो, म्हणून आम्ही रिपोर्टमध्ये नुसतं स्पायरोकीट लिहून थांबतो. रोजच्या उपचारात त्याने सहसा काही अडतही नाही.

३. स्पायरोकीट म्हणजे सिफिलिसच ना? मला गुप्तरोग झालाय का? (घाबरून विचारतोय)

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि बहुतेक वेळा रात्री बारानंतर येतो. नाही, हा सिफिलिस नाही. सिफिलिसचा जंतू ट्रेपोनेमा पॅलिडम, तो आणि ब्रॅकिस्पायरा दूरचे नातेवाईक आहेत, एका मोठ्या गटातले, एवढाच संबंध. आजार वेगळा, जागा वेगळी, परिणाम वेगळे.

घोळ कुठे होतो ते सांगतो. लॅबमध्ये स्पायरोकीट पक्का करायला कधीकधी आम्ही इम्युनोस्टेन (अँटिबॉडी वापरून जंतू रंगवून बघणं) करतो आणि त्यासाठी जी अँटिबॉडी वापरली जाते ती मुळात ट्रेपोनेमासाठी बनवलेली असते, पण ती ब्रॅकिस्पायरालाही रंगवते. मग रिपोर्टमध्ये 'ट्रेपोनेमा इम्युनोस्टेन पॉझिटिव्ह' अशी ओळ येते आणि ती वाचून घरात रडारड होते. त्या ओळीचा अर्थ 'बॅक्टेरिया स्पायरोकीट जातीचे आहेत' इतकाच घ्यायचा.

दुसरी बाजूही सांगायला हवी. सिफिलिस गुदाशयातही होऊ शकतो, पण तेव्हा तिथे सहसा जखम असते, सूज असते, प्लाझ्मा सेल्सची (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) गर्दी असते, नुसती पृष्ठभागावर शांत बसलेली बॅक्टेरियाची झालर (ती कशी दिसते ते प्रश्न ९ मध्ये) नसते. शंका असेल तर सिफिलिसची रक्ताची टेस्ट करून विषय संपवता येतो. ती स्वस्तात मनःशांती आहे, लाजायचं काही कारण नाही.

४. मग लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), एच पायलोरी (अल्सरचा जंतू) यांच्याशी काही संबंध?

लेप्टोचा जंतूही स्पायरोकीटच, पण तो रक्तात जातो, ताप, कावीळ, किडनीचा त्रास देतो, हा आतड्याच्या पृष्ठभागावर बसून राहतो. लेप्टोची टेस्ट यासाठी करायची गरज नाही. एच पायलोरी पीळदार दिसतो खरा, पण तो स्पायरोकीट नाहीच आणि राहतो पोटाच्या पिशवीत, मोठ्या आतड्यात नाही. एच पायलोरीचं किट घेतल्याने हे जाईल असं धरून चालू नका.

५. हे मला आलं कुठून?

बहुधा तोंडावाटे. ज्याच्या आतड्यात आहेत त्याच्या शौचातून ते बाहेर पडतात, दूषित पाणी किंवा न धुतलेल्या हातांवाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. जिथे पिण्याचं पाणी आणि सांडपाणी वेगळं राहत नाही तिथे हे जास्त सापडतं, त्यामुळे हा रस्ता सगळ्यात पटण्यासारखा आहे. पायलोसिकोली थंड पाण्यात बराच तग धरतो, ४ अंश तापमानाला तलावाच्या पाण्यात ६६ दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याचं प्रयोगात दिसलंय, कोमट पाण्यात मात्र लवकर मरतो. लैंगिक संबंधातून, विशेषतः तोंडाचा गुदद्वाराशी संपर्क येतो अशा संबंधातूनही पसरतो, त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये आहे.

आता तुमच्या एकट्याच्या बाबतीत नेमकं कधी आणि कुठून आलं हे शोधायला जाऊ नका. वर्षानुवर्षं गुपचूप असू शकतात, त्यामुळे मागच्या महिन्यात बाहेर कुठे काय खाल्लं होतं याची यादी करून काही हाती लागत नाही.

६. किती लोकांना असतं हे? मी तर पहिल्यांदाच ऐकतोय.

ऐकलेलं नसण्याचं कारण म्हणजे शोधायला गेल्याशिवाय दिसत नाही. विकसित देशांत बायोप्सी झालेल्यांमध्ये साधारण १ ते ५ टक्के. स्वच्छतेच्या सोयी कमी असलेल्या भागांत हे प्रमाण ११ ते ३४ टक्क्यांपर्यंत गेलेलं आढळलंय. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत आणि एचआयव्ही असलेल्यांत काही पाहणींमध्ये निम्म्याच्या आसपास. स्वीडनमध्ये कुठल्याही तक्रारीवरून न निवडता, सर्वसाधारण लोकांतून ७४५ जणांची कोलोनोस्कोपी करून पाहिली तेव्हा १७ जणांत सापडला, म्हणजे शंभरात दोनच्या वर थोडं. यातले बरेच जण मजेत जगत होते हे लक्षात घ्या.

७. लक्षणं काय असतात?

असलीच तर: आठवडेच्या आठवडे चालणारे पातळ जुलाब, पोटात दुखणं किंवा मुरडा, गॅस, कधी शौचातून आव किंवा थोडं रक्त, मळमळ, क्वचित वजन कमी होणं. यातलं एकही लक्षण फक्त याचंच असं नाही. ही यादी आयबीएसची (तपासण्या नॉर्मल असूनही पोट सतत बिघडलेलं राहण्याची), अमीबाची, कोलायटिसची, अगदी दूध न पचण्याचीही असू शकते. म्हणून रिपोर्टमध्ये स्पायरोकीट आला की सगळा त्रास त्याच्याच नावावर टाकून फाइल बंद करू नये, आणि हे डॉक्टरांनाही लागू आहे. शौचातून रक्त येतंय, वजन उतरतंय, हिमोग्लोबिन कमी आहे, रात्री झोपेतून उठून जावं लागतंय, यातलं काही असेल तर बाकीची कारणं आधी नीट तपासली गेली पाहिजेत.

८. मला काहीच त्रास नाही. पॉलिपसाठी (आतड्याच्या अस्तरावरची गाठ) कोलोनोस्कोपी केली आणि त्यात हे निघालं. औषध घ्यावं का?

बहुतेक गॅस्ट्रो अशा वेळी औषध देत नाहीत, आणि माझंही मत तेच आहे. त्रास नसताना अँटिबायोटिक द्यायचं तर फायदा कोणाला? तुम्हाला तर काही बरं वाटायचं बाकी नाही, आणि आतड्यातले चांगले बॅक्टेरिया उगाच मार खातात. काही लोकांत हे काही काळाने आपोआप गेल्याचीही उदाहरणं आहेत. पुढे कधी जुलाब सुरू झाले तर हा रिपोर्ट त्या वेळच्या डॉक्टरांना दाखवा. अपवाद आहेत: प्रतिकारशक्ती खूप कमी असेल, केमो चालू असेल किंवा अवयव बदललेला असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेऊ शकतात (प्रश्न २० बघा).

९. डॉक्टर म्हणाले कोलोनोस्कोपी एकदम नॉर्मल. मग रिपोर्टमध्ये हे कसं आलं?

कारण डोळ्यांना हे दिसतच नाही. कॅमेऱ्यातून आतड्याचं अस्तर गुलाबी, चकचकीत, व्यवस्थित दिसतं. कधी थोडी लाली किंवा सूज असते, पण तीही खास अशी नसते. मायक्रोस्कोपखाली मात्र चित्र ओळखू येतं: पेशींच्या वरच्या कडेवर निळसर जांभळी, धुरकट, साधारण ३ ते ७ मायक्रॉन जाडीची एक पट्टी, गालिच्याच्या काठाला झालर असावी तशी. खालच्या पेशी बऱ्याचदा शांत, सूज नाही, जखम नाही. पहिल्या नजरेत ती पट्टी म्हणजे स्टेन जास्त बसलाय असं वाटतं आणि घाईत असलेला माणूस पुढे जातो. एकाच तुकड्यात एका ठिकाणी झालर असते आणि दोन ग्रंथी सोडून पुढे काहीच नसतं, असंही होतं.

म्हणूनच जुलाबाच्या पेशंटमध्ये अस्तर नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घेतात, आणि ती वेगवेगळ्या भागांतून घेतलेली बरी. इथे माझी एक जुनी तक्रार नोंदवतो: बायोप्सीबरोबर येणाऱ्या फॉर्मवर कित्येकदा फक्त 'कोलोनिक बायोप्सी' एवढंच लिहिलेलं असतं. जुलाब किती दिवसांचे, औषध काय चालू, एचआयव्ही आहे का, काही नाही. दोन ओळी जास्त लिहिल्या तर आम्ही त्या कडेकडे जरा जास्त वेळ बघतो.

१०. रिपोर्टमध्ये 'वॉर्थिन-स्टारी पॉझिटिव्ह' असंही लिहिलंय. ही कुठली टेस्ट?

चांदीचा स्टेन. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्टेनवर झालर दिसली की ती खरंच बॅक्टेरियाची आहे का हे बघायला लॅब त्याच तुकड्याचा दुसरा काप घेऊन हा स्टेन करते, त्यात स्पायरोकीट काळेभोर उठून दिसतात. तुमच्याकडून नवीन सॅम्पल घेतलेलं नसतं. हे का करावं लागतं, तर पेशींना चिकटणारे काही ई. कोलाय बॅक्टेरियाही कडेवर अशीच निळसर रांग करतात आणि पेशींवर मुळातच जो म्युकसचा थर असतो तोही फसवू शकतो. इम्युनोस्टेनबद्दल प्रश्न ३ मध्ये लिहिलंय.

११. मी तीन वेळा स्टूल टेस्ट केली, प्रत्येक वेळी नॉर्मल. मग ती टेस्ट चुकीची होती का?

चुकीची नव्हती, ती टेस्ट याच्यासाठी नाहीच. स्टूल रुटीनमध्ये आम्ही अमीबा, गिआर्डिया, जंतांची अंडी, पस सेल्स बघतो. साध्या स्टूल कल्चरमध्ये साल्मोनेला, शिगेला वगैरे वाढतात. ब्रॅकिस्पायराला ऑक्सिजन नसलेलं वातावरण, खास माध्यम आणि भरपूर वेळ लागतो, पायलोसिकोली आठवड्याभरात वाढला तरी आल्बोर्गीला दोन-तीन आठवडे किंवा जास्तही लागतात, आणि तोपर्यंत साधी लॅब ती प्लेट कधीच फेकून देते. पीसीआरने शौचात शोधता येतो पण ती सोय बहुतेक ठिकाणी रोजच्या टेस्टमध्ये नसते. शिवाय हे अस्तराला चिकटून बसणारे आहेत, शौचात सापडले नाहीत म्हणजे आतड्यात नाहीत असं म्हणता येत नाही. थोडक्यात निदान बायोप्सीवरच होतं.

१२. त्रास आहे, तर ट्रीटमेंट काय देतात?

सर्वात जास्त वापरलं जाणारं औषध मेट्रोनिडाझोल. मोठ्या माणसांत सहसा ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. पण सगळ्यांनी मान्य केलेली पक्की गाइडलाइन नाही, त्यामुळे एका डॉक्टरने ७ दिवस सांगितलं आणि दुसऱ्याने १० तर कोणी चुकलं असं समजू नका. मेट्रोनिडाझोल चालत नसेल तर इतर अँटिबायोटिक दिली जातात, ती डॉक्टर तुमचं बाकीचं सगळं बघून ठरवतात. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, लिव्हरचा आजार असेल तर आधी सांगायचं.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट जरूर विचारा: 'माझ्या जुलाबाची बाकी कारणं बघून झालीत का?' थायरॉइड, सीलिअॅक (गव्हातलं ग्लुटेन न चालणं), चालू असलेली औषधं, मायक्रोस्कोपिक कोलायटिस (आतड्याची फक्त मायक्रोस्कोपखाली कळणारी सूज, हा त्याच बायोप्सीत दिसतो). हे झालेलं असेल आणि तरी काही सापडलं नसेल तर कोर्स करून बघण्यात अर्थ आहे.

१३. मेट्रोनिडाझोल तर घरात पडूनच असतं, लूज मोशनला आम्ही घेतोच. तेच घेतलं तर?

नको. एक तर जुलाब लागले की दोन-तीन गोळ्या घ्यायच्या आणि थांबलं की सोडून द्यायचं, या सवयीने अर्धवट कोर्स होतो. दुसरं म्हणजे बायोप्सीच्या आधी अशा गोळ्या खाल्ल्या असतील तर झालर पुसट होऊन निदान हुकू शकतं, म्हणून कोलोनोस्कोपीच्या आधी गेल्या काही आठवड्यांत काय काय अँटिबायोटिक घेतलं ते खरं खरं सांगा. तिसरं, हे औषध साधं वाटतं पण वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कोर्समध्ये तोंडाला धातूसारखी चव येणं, जिभेवर पांढरा थर, मळमळ, लघवी गडद तपकिरी होणं हे होऊ शकतं आणि कोर्स संपला की जातं. दारू कोर्सभर बंद आणि संपल्यावरही तीन दिवस बंद. हातापायाला मुंग्या यायला लागल्या, चालताना तोल जायला लागला तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना कळवा, हे सहसा लांबलेल्या किंवा पुन्हा पुन्हा केलेल्या कोर्समध्ये होतं.

१४. कोर्स पूर्ण केला तरी जुलाब तसेच. आता?

तीन शक्यता, आणि याच क्रमाने विचार करावा असं मला वाटतं. पहिली, जुलाबाचं कारण मुळात वेगळंच होतं आणि स्पायरोकीट नुसता तिथे हजर होता. ही शक्यता लोकांना आवडत नाही पण बऱ्याचदा हीच निघते. दुसरी, जंतू गेलाच नाही. तिसरी, जंतू गेला पण आतड्याला शांत व्हायला वेळ लागतोय, किंवा अँटिबायोटिकमुळेच पोट बिघडलंय, तेव्हा क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलची (अँटिबायोटिकनंतर वाढून जुलाब करणारा जंतू) टेस्ट लागू शकते, विशेषतः जुलाब आधीपेक्षा वाढले असतील, ताप असेल तर.

गंमत म्हणजे उलटंही होतं: औषधाने पेशंट ठणठणीत आणि पुन्हा केलेल्या बायोप्सीत झालर जशीच्या तशी. असे पेशंट नोंदले गेलेत, आणि यामुळेच 'त्रास याच्यामुळे होता का' हा प्रश्न इतकी वर्षं सुटत नाहीये.

एक मात्र करू नका, तोच कोर्स स्वतःच्या मनाने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा.

१५. नवऱ्याला/बायकोला/पार्टनरला होईल का? ट्रीटमेंट दोघांनी घ्यायची का?

एका घरात राहून, एका ताटात जेवून लगेच पसरतं असं काही नाही. घरच्यांना त्रास नसेल तर त्यांची टेस्ट नको आणि औषधही नको. शौचाहून आल्यावर आणि जेवण्याआधी साबणाने हात, पिण्याचं पाणी सुरक्षित, बास.

लैंगिक संबंधाबद्दल: तोंड आणि गुदद्वार यांचा संपर्क येत असेल तर त्या वाटेने पसरू शकतं. पार्टनरला पण जुलाब वगैरे असतील तर त्यानेही डॉक्टरांना दाखवावं. त्रास चालू असताना आणि कोर्स संपेपर्यंत असा संपर्क टाळणं शहाणपणाचं. पण रिपोर्ट हातात घेऊन 'म्हणजे तू बाहेर काहीतरी केलंस' हा निष्कर्ष काढणारे मेसेज मला येतात, त्यांना स्पष्ट सांगतो, या रिपोर्टवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पाण्यातूनही येतं, प्रश्न ५ पुन्हा वाचा.

१६. डॉक्टरांनी एचआयव्ही टेस्ट सांगितली. त्यांना माझ्यावर संशय आहे का?

एचआयव्ही असलेल्यांत हे जास्त सापडतं म्हणून काही डॉक्टर सगळ्यांनाच ही टेस्ट सुचवतात, त्यात वैयक्तिक काही नसतं. स्पायरोकीटोसिस म्हणजे एचआयव्ही नाही, आणि ज्यांना एचआयव्ही आहे त्यांच्यात हे सापडणं म्हणजे आजार बळावलाय असंही नाही, सीडी४ काउंट (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) चांगला असतानाही सापडतं. एकदा टेस्ट करून मोकळं व्हा.

१७. माझ्या आयबीएसचं खरं कारण हेच आहे का? इतकी वर्षं सगळे म्हणाले टेन्शनमुळे होतं.

तुमची चिडचिड समजू शकतो. यावर अलीकडे खरंच चांगलं काम झालंय. प्रश्न ६ मधल्या स्वीडिश पाहणीत ज्यांच्यात स्पायरोकीट होता त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण जास्त होतं आणि आतड्यात इओसिनोफिल पेशीही (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेल्या होत्या. नंतर २०२० मध्ये स्वीडनच्याच गोथेनबर्गच्या टीमने ६२ आयबीएस पेशंटच्या बायोप्सी तपासल्या, साधारण ३१ टक्क्यांत ब्रॅकिस्पायरा अस्तराला चिकटलेला सापडला आणि तुलनेला घेतलेल्या निरोगी लोकांत एकातही नाही. जास्त करून जुलाबवाल्या आयबीएसमध्ये.

पण त्याच अभ्यासातली पुढची गोष्ट लोक शेअर करताना गाळतात. काही जणांना मेट्रोनिडाझोल दिलं तेव्हा बॅक्टेरिया वरून गेले, पण ग्रंथींच्या खोल भागात आणि म्युकस बनवणाऱ्या गॉब्लेट पेशींच्या आत जाऊन बसलेले दिसले. म्हणजे लपले. त्यामुळे 'गोळी घ्या, आयबीएस संपला' इतकं ते सोपं नाही.

माझं मत विचाराल तर काही लोकांच्या आयबीएसमागे हा नक्की असू शकतो, सगळ्यांच्या नाही. आणि बायोप्सीत तो दिसलेला नसताना केवळ हे वाचून मेट्रोनिडाझोल मागायला जाऊ नका.

१८. मुलाच्या बायोप्सीत हे आलंय. लहान मुलांना पण होतं?

होतं, मोठ्यांपेक्षा कमी वेळा सापडतं कारण मुलांची कोलोनोस्कोपीच कमी होते. मुलांची कोलोनोस्कोपी मुळात त्रास असल्याशिवाय कोणी करत नाही, त्यामुळे सापडलेल्या मुलांत पोटदुखी, जुलाब, रक्त अशी लक्षणं असतातच, आणि तिथे उपचार करण्याकडे डॉक्टरांचा कल जास्त असतो. डोस वजनावर ठरतो, मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. आणि प्रश्न ३ मुळे मनात भलतंच काही आलं असेल तर: मुलांमध्ये सापडणं म्हणजे लैंगिक अत्याचाराचा पुरावा नाही.

१९. अपेंडिक्स काढलं त्याच्या रिपोर्टमध्ये स्पायरोकीट आहे. अपेंडिक्स यामुळेच सुजलं का?

सांगता येत नाही. सुजलेल्या अपेंडिक्समध्येही सापडतो आणि अगदी साध्या, न सुजलेल्या अपेंडिक्समध्येही. ऑपरेशननंतर पोट बरं असेल तर वेगळं काही करायची गरज नसते, जुलाब वगैरे असतील तर मात्र गॅस्ट्रोला दाखवा, कारण अपेंडिक्समध्ये असेल तर बाकीच्या मोठ्या आतड्यातही असण्याची शक्यता आहे.

२०. हा रक्तात जाऊ शकतो का? जिवाला धोका?

पायलोसिकोली रक्तात सापडल्याच्या नोंदी आहेत, मोजक्या, आणि त्या आधीच गंभीर आजारी असलेल्या लोकांच्या. चालत्याफिरत्या, नोकरीला जाणाऱ्या माणसाने ही भीती बाळगू नये. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना रिपोर्ट आवर्जून दाखवावा. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज राहण्याचे आजार) असलेल्यांसाठीही हेच, स्टेरॉइड वाढवायच्या आधी हा रिपोर्ट डॉक्टरांच्या डोळ्यांखालून गेलेला असावा.

२१. याचा पुढे कॅन्सर होतो का?

याने कॅन्सर होतो असा पुरावा नाही. पॉलिप आणि स्पायरोकीट एकाच पेशंटमध्ये सापडतात कारण पॉलिपसाठीच तर बायोप्सी होते. पॉलिपचा फॉलोअप पॉलिपच्या प्रकारावर आणि आकारावर ठरतो, त्यात स्पायरोकीटमुळे फरक करायचा नसतो.

२२. घरात कुत्रा आहे. त्याची टेस्ट करू का?

कुत्र्यांत पायलोसिकोली असतो, हे खरं. पण तुमच्या कुत्र्याकडून तुम्हाला आलं हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य आणि त्याने तुमचा उपचारही बदलत नाही. कुत्र्याला जुलाब असतील तर त्याला व्हेटकडे न्या, ते तसंही न्यायलाच हवं. त्याची शी उचलताना हातमोजा किंवा पिशवी, नंतर हात धुणं. डुकरं किंवा कोंबड्या पाळणाऱ्यांनी हातांची काळजी जरा जास्त घ्यावी.

२३. बरं वाटतंय. तरी पुन्हा कोलोनोस्कोपी करून गेलाय का बघू?

बरं वाटत असेल तर फक्त यासाठी पुन्हा कोलोनोस्कोपी करण्यात मला काही अर्थ दिसत नाही. आतडं साफ करायचं ते औषध पिऊन रात्रभर जागायचं, भूल, खर्च, आणि शेवटी झालर दिसलीच (प्रश्न १४) तरी त्रास नसल्यामुळे डॉक्टर म्हणणार, राहू दे. त्रास परत आला किंवा दुसऱ्या कारणाने कोलोनोस्कोपी होणारच असेल तर गोष्ट वेगळी.

२४. सेकंड ओपिनियन घ्यायचंय. काय काय घेऊन जाऊ?

रिपोर्टचा कागद तर न्याच, पण तेवढ्याने दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला काही बघता येत नाही. लॅबकडून स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) मागून घ्या, मागायचा तुम्हाला हक्क आहे, लेखी अर्ज लागतो आणि बहुतेक ठिकाणी मिळायला एक-दोन दिवस जातात. ब्लॉक महत्त्वाचा, कारण त्यातून नवीन काप घेऊन चांदीचा स्टेन किंवा पीसीआर करता येतो, पुन्हा बायोप्सी न करता. सोबत कोलोनोस्कोपीचा रिपोर्ट, गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या सगळ्या औषधांची नावं, आणि जुलाब कधीपासून, दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का हे एका कागदावर लिहून. स्लाइड खिशात किंवा पर्समध्ये सुट्या टाकू नका, फुटतात, लॅबकडे त्यासाठी प्लास्टिकची छोटी डबी असते, ती मागा.